सोसायटीच्या तळ्यावर गळ टाकताना

आजच्या गप्पांचा विषय हौशी मासेमारी. कोकणात याला 'गरवणं' म्हणतात, घाटावर 'गळ टाकणं' म्हणतात आणि शहरात आलं की त्याचं 'अँगलिंग' होतं. काठी एकच, पाणी एकच, वाट बघणंही तेच. पण पाणी कोणाचं आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, आणि आज बोलायचंय ते त्याबद्दल.

पुणे असो, हैदराबाद असो, बेंगळुरू किंवा इंदूर, शहराबाहेरच्या मोठ्या वसाहतींमध्ये, फार्महाउसच्या प्लॉटिंगमध्ये तळं असतं. जाहिरातीत ते 'लेक व्ह्यू' म्हणून येतं. दोन वर्षांनी कोणीतरी त्यात कटला-रोहूची पिल्लं सोडतं. चौथ्या वर्षी पाण्यावर मोठी शेपटी आपटलेली दिसते आणि रविवारी सकाळी तीन जण काठ्या घेऊन हजर होतात. पाचव्या वर्षी सोसायटीच्या सभेत भांडण होतं. मला यातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "आमचंच तळं आहे, मग नियम कशाला?" या एका प्रश्नाचं उत्तर नीट दिलं तर बाकीचे नियम आपोआप सुचतात. म्हणून तिथून सुरुवात करू.

तळं खरंच आपलं आहे का?

कुंपणाच्या आत आहे म्हणून तळं सोसायटीचं होत नाही. आपल्याकडची बरीच तळी मुळात गावतळी आहेत. सातबाऱ्यावर किंवा त्या-त्या राज्याच्या महसुली नोंदीत ती सरकारची किंवा ग्रामपंचायतीची असतात आणि वसाहत नंतर त्यांच्याभोवती उभी राहते. गावतळी आणि सामाईक जमिनी बळकावण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात फार स्पष्ट भूमिका घेतली. अशा जागा मोकळ्या करून गावाला परत देण्याच्या योजना सर्व राज्यांनी कराव्यात, असं सांगितलं. म्हणून पहिली पायरी म्हणजे कागद बघणं.

दुसरी गोष्ट, जमिनीचा मालक आणि मासे धरण्याचा हक्क असलेला माणूस वेगवेगळे असू शकतात. अनेक तलावांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. भोई, कोळी समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळं टाकत आलेली असतात. आपण हौसेखातर जो मासा ओढतो, तो त्यांच्या पोटाचा हिशोब असतो. असा ठेका असेल तर संस्थेची परवानगी घेतल्याशिवाय काठी बाहेर काढायचीच नाही. आणि सकाळी जाळं घेऊन येणाऱ्या माणसाला वॉचमनकरवी हाकलायचं तर मुळीच नाही. कदाचित तोच खरा हक्कदार असेल.

कायदा काय म्हणतो? मासेमारी हा आपल्या राज्यघटनेत राज्यांच्या सूचीतला विषय आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. हिमाचलमध्ये ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत बंदी असते, कारण तो तिचा विणीचा काळ. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा मत्स्यव्यवसाय कायदा आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी आहे १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा. त्यात 'खासगी पाणी' याची व्याख्या दिली आहे. जे पाणी कोणाच्या एकट्याच्या मालकीचं आहे, किंवा ज्यात मासे धरण्याचा एकाधिकार मालक म्हणून, भाडेपट्टेदार म्हणून किंवा इतर नात्याने कोणाकडे आहे, ते खासगी पाणी. आणि गंमत म्हणजे, रूढीने इतर लोकांना तिथे मासे धरायचा हक्क असला, तरी तेवढ्याने ते पाणी खासगी असायचं थांबत नाही. म्हणजे 'खासगी' आणि 'गावाचा वहिवाटीचा हक्क' या दोन गोष्टी एकाच तळ्यात नांदू शकतात, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच मान्य झालेलं आहे.

याच कायद्याप्रमाणे सरकारने जाळी, बंद हंगाम वगैरेंबद्दल केलेले नियम खासगी पाण्याला लावायचे असतील, तर मालकाची लेखी संमती लागते. याचा उलटा अर्थ लक्षात घ्या. खरोखर खासगी असलेल्या तळ्यावर शिस्त लावायचं काम बहुतांशी मालकांवर, म्हणजे आपल्यावरच येतं. बाहेरून कोणी येऊन ते करून देणार नाही.

दोन गोष्टींना मात्र खासगी पाण्यातही सूट नाही. मासे मारण्यासाठी स्फोटकं वापरणं आणि पाण्यात विष, चुना किंवा तसलं काही टाकणं. हे दोन्ही गुन्हे आहेत, पाणी कोणाचंही असो.

तळ्यातला मासा आला कुठून?

आता विज्ञानाचा छोटासा भाग. तो कळला की 'किती मासे न्यायचे' या भांडणाचं उत्तर मिळतं.

कटला, रोहू, मृगळ हे आपले मोठे कार्प मासे नदीचे. पावसाळ्यात पूर आला, वाहतं पाणी मिळालं, की ते वितात. साठलेल्या तळ्यात ते वाढतात, अंडी पोटात तयारही होतात, पण सहसा वीण होत नाही. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण यशस्वी करून दाखवली. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा होतो, तो त्यामुळेच. आपल्या तळ्यात सोडलेली बोटुकली या तंत्राची देणगी आहे.

म्हणजे सोसायटीच्या तळ्यातला प्रत्येक कटला कोणीतरी विकत आणून सोडलेला आहे. एक काढला की एक कमी झाला. त्याच्या जागी दुसरा आपोआप येत नाही.

हिशोब करून बघू. समजा, तळ्यात १,००० बोटुकली सोडली आणि निम्मी जगली. म्हणजे ५०० मासे. वसाहतीत ६० कुटुंबं. वाटणीला वर्षाकाठी आले आठ मासे. आता एकाच हौशी माणसाने दर रविवारी चार नेले, तर आपल्या कुटुंबाची वर्षाची वाटणी त्याने दोन रविवारांत संपवली. तिसऱ्या रविवारपासून तो शेजाऱ्याचे मासे नेतोय. तो चोर नाही, त्याला कोणी हिशोब सांगितलेला नाही एवढंच. म्हणून मर्यादा 'दिवसाला किती' एवढीच ठेवू नका. 'वर्षाला घरटी किती' हीसुद्धा ठेवा आणि बोटुकलीच्या पावतीवरून ती ठरवा.

मरळीचं गणित याच्या उलट. मरळ साठलेल्या पाण्यात वितते आणि पिल्लांची राखण करते. पावसाळ्यात कधी पाण्यावर तांबूस-केशरी पिल्लांचा घोळका एकत्र सरकताना दिसला, तर खाली मरळ आहे हे समजा. राखणीवरची मरळ घोळक्याजवळ आलेल्या कुठल्याही गोष्टीवर झडप घालते, त्यामुळे तिला पकडणं फार सोपं असतं. नेमकी तेव्हाच ती पकडायची नाही. ती गेली की पिल्लांचा फडशा पडायला वेळ लागत नाही. हा नियम लहान मुलांनाही चटकन पटतो, अनुभव आहे.

आणि चिलापी, म्हणजे तिलापिया? हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो तोंडात अंडी सांभाळतो, साठलेल्या पाण्यात भराभर वाढतो आणि बाकीच्यांचं खाणं संपवतो. तो मिळाला तर खुशाल घरी न्या. त्याला मर्यादा ठेवायची गरज नाही.

थोडक्यात, 'सगळे सोडा' किंवा 'सगळे न्या' असा एकच नियम चालत नाही. कार्प मोजून न्या, विणीची मरळ सोडा, चिलापी काढा.

परत सोडायचा तर जिवंत सोडा

'पकडा आणि सोडा' हे ऐकायला छान वाटतं. पण वाईट हाताळलेला मासा पोहत निघून जातो आणि तासाभराने किंवा दोन दिवसांनी मरतो. आपल्याला वाटतं, आपण पुण्य केलं.

माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तोच त्याचं जंतूंपासून रक्षण करतो. कोरड्या हाताने, टॉवेलने किंवा तापलेल्या सिमेंटवर ठेवून तो थर निघतो. म्हणून हात आधी ओले करायचे. मासा ठेवायला ओली मऊ गादी किंवा भिजवलेला फोमचा तुकडा जवळ ठेवायचा. हातजाळी बिनगाठीची घ्यायची. कल्ल्यांत बोट घालून उभा लटकवायचा नाही, दोन्ही हातांनी आडवा धरायचा. आकड्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर आकडा सहज सुटतो. आकडा खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता तंगूस तोंडाजवळ कापून टाकायचा. फोटो हवा असेल तर आधी कॅमेरा तयार ठेवायचा, मग मासा पाण्याबाहेर काढायचा. मी साधा नियम पाळतो. मासा वर काढताना आपण श्वास रोखायचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही घ्यायचाय.

यात उन्हाळ्याचा मुद्दा फार महत्त्वाचा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना एका लिटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे एप्रिल-मेमध्ये दमलेल्या माशाला सावरायला हवा कमी मिळते. त्या दिवसांत सोडून देण्यासाठी मासे पकडायचेच नाहीत. न्यायचा तेवढा घ्या आणि काठी गुंडाळा.

आणखी एक. हिरव्या, शेवाळलेल्या तळ्यात रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून गपागप हवा घेताना दिसले, की काही जणांना वाटतं, वा, आज मासे भुकेले आहेत! ते भुकेले नसतात, गुदमरत असतात. अशा वेळी गळ टाकायचा नाही. व्यवस्थापकाला फोन करायचा, कारंजं किंवा पंप सुरू करायचा. तासाभराच्या दिरंगाईत अख्खं तळं पांढरं पडू शकतं.

याच कारणाने चाऱ्यावर मर्यादा हवी. पेंड, कणीक, भाताचे गोळे ओतून मासे जमवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. न खाल्लेला चारा तळाशी कुजतो आणि कुजताना प्राणवायू खातो. मोठ्या जलाशयात ते खपून जातं, एक-दोन एकरांच्या तळ्यात नाही.

काठावरची रीत

नियम फलकावर लिहिता येतात, रीत मात्र एकमेकांकडे बघून शिकावी लागते.

आधी बसलेल्या माणसाशेजारी बसण्यापूर्वी विचारायचं, "काका, इथे बसू का?" त्याच्या तंगूसावरून आपला तंगूस टाकायचा नाही. काठी फेकण्याआधी मागे वळून बघायचं. मागे चालायचा ट्रॅक असतो, सायकलवरची मुलं असतात आणि आकडा डोळ्यात गेला तर माफी मागून भागत नाही. एका माणसाने दोनपेक्षा जास्त काठ्या लावू नयेत. रात्री गळ बांधून ठेवून घरी झोपायला जाणं ही मासेमारी नाही, सापळा आहे.

तुटलेला तंगूस काठावर टाकायचा नाही. नायलॉन कुजत नाही, त्यात बगळ्यांचे, पाणकावळ्यांचे पाय अडकतात आणि पक्षी झाडाला लटकून मरतो. शिशाची वजनं पाण्यात पडू द्यायची नाहीत. ती गिळलेल्या बदकांना विषबाधा होते. तळ्यावर एक झाकणाची बरणी टांगून ठेवा, तंगूसाचे तुकडे त्यात.

मासे तळ्याकाठी साफ करायचे नाहीत. वसाहतीत शाकाहारी कुटुंबं असतात, पहाटे फिरायला येणारे असतात. त्यांचंही ते तळं आहे. कोणाचे सण असतात, कोणाचा श्रावण असतो. ते दिवस आपसांत बोलून ठरवले तर वर्षभर कुरबुर होत नाही. आपल्याच परंपरेत याची उदाहरणं आहेत. महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून महाशीर राखले जातात. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर मासे हातून मुरमुरे खातात आणि त्यांना कोणी धरत नाही. तिथे कुठला रखवालदार लागत नाही, सगळ्यांनी मानलं एवढं पुरतं.

पाहुणा आणला तर सोबत सभासदाने बसायचं आणि पाहुण्याचा मासा सभासदाच्या वाटणीत धरायचा. मासे विकायचे नाहीत. ज्या दिवशी पहिला मासा विकला जातो, त्या दिवशी हौस संपते आणि धंदा सुरू होतो.

गळाला कासव लागलं तर? मऊ पाठीची कासवं आपल्या तळ्यांत सर्रास असतात आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आकडा अलगद काढून तिथेच सोडायचं, घरी न्यायचं नाही. आकडा खोल असेल तर वनखात्याला कळवायचं.

सुरक्षिततेचं दोन वाक्यांत सांगतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा काठ ओला झाला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, म्हणून दोर आणि हवेची ट्यूब कायम काठावर हवी आणि लहान मुलं मोठ्यांशिवाय नकोत. कार्बन फायबरच्या काठीतून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांखाली काठी उभी करायची नाही आणि वळवाच्या ढगांचा पहिला गडगडाट ऐकला की काठ सोडायचा.

बाहेरचं पाणी, बाहेरचा मासा

घरातला फिशटँक नको झाला की त्यातले मासे 'बिचारे जगू देत' म्हणून तळ्यात सोडायची सवय आहे. देशातल्या अनेक तलावांत काच साफ करणारा सकर मासा असाच पसरला आहे. आफ्रिकी मांगूर तर बंदी असलेला मासा आहे, स्वस्त मत्स्यबीजाच्या नावाखाली तोही येतो. म्हणून बीज नोंदणीकृत केंद्रातूनच आणायचं, पावती ठेवायची, आणि समितीला विचारल्याशिवाय कोणीही तळ्यात काहीही सोडायचं नाही. जिवंत छोटा मासा आमिष म्हणून बाहेरून आणणंही बंद.

चांगल्या हेतूने सोडलेला मासासुद्धा किती महाग पडू शकतो, हे कावेरीने दाखवलं आहे. लोणावळ्याजवळ वळवणच्या हॅचरीत टाटांच्या वीज कंपनीने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात महाशीरची पैदास सुरू केली. काम मोठं होतं, आणि निळ्या पराचा महाशीर तगला त्यात त्याचा वाटा आहे. तिथली पिल्लं देशात ठिकठिकाणी गेली, कावेरीतही. पण कावेरीत स्वतःचा, केशरी पराचा, पाठीला उंचवटा असलेला महाशीर होता. जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी एक. हळूहळू निळ्या पराचे मासे वाढत गेले आणि केशरी दिसेनासे झाले. २०१८ साली तो 'टोर रेमादेवी' म्हणून नीट ओळखला गेला, आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त म्हणून यादीतही गेला.

हे कळलं कसं? कावेरीकाठच्या अँगलिंग कॅम्पमधल्या हौशी मासेमारांच्या नोंदींवरून. कोणत्या दिवशी, किती वेळ बसून, कोणता मासा, किती वजनाचा, हे त्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं होतं आणि मासा सोडून दिला होता. संशोधकांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा एक जात संपत चालल्याचं आकड्यांत दिसलं. सरकारी मोजणी नव्हती, फक्त या वह्या होत्या.

म्हणून माझा सगळ्यात आवडता नियम शेवटी सांगतो. तळ्यावर एक वही ठेवा. तारीख, नाव, किती तास, कोणता मासा, अंदाजे लांबी, नेला की सोडला. काही मिळालं नाही तर तेही लिहायचं, 'तीन तास, शून्य'. ती नोंद सगळ्यात मोलाची, कारण मासे कमी होत असल्याची पहिली खूण तीच असते. वर्षाच्या शेवटी त्या वहीवरून ठरवा, पुढच्या वर्षी किती बोटुकली सोडायची आणि घरटी मर्यादा किती.

पहिल्या सभेत काय ठरवाल?

तळ्याच्या मालकीचे आणि ठेक्याचे कागद कोण आणणार. मर्यादा, वेळ आणि बंद दिवस कोणते. कुठल्या काठावर गळ चालेल आणि कुठला काठ फिरणाऱ्यांसाठी मोकळा. बीज कुठून आणायचं. नियम मोडला तर काय. माझं मत, पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा त्या हंगामापुरती काठी बंद. दंडाचे पैसे नकोत, नाहीतर पैसे भरून नियम मोडायची मुभा विकत घेतल्यासारखं होतं. आणि वहीची जबाबदारी कोणाकडे. हे काम वसाहतीतल्या दहावी-बारावीच्या मुलांकडे द्या, ती मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात.

एवढं एका पानावर लिहा, त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तळ्यावर लावा. मग गळ टाका आणि निवांत बसा. मासा लागला तर उत्तम, नाही लागला तर वहीत शून्य लिहून घरी या. पुढच्या भागात भेटू.